लॅपटॉप विकताना त्याच्या कुलपाची किल्लीही ग्राहकाच्या हाती द्यावी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागून प्रवेशाची धावपळ सुरू झाली की आमच्या सांगलीच्या बाजारात लॅपटॉपची विक्री जोरात चालते. कोणी उसाचे बिल जमा होण्याची वाट पाहून, कोणी भिशी लागल्यावर, तर कोणी बारा हप्त्यांवर मुलासाठी लॅपटॉप घेतो. घरात दुचाकीनंतरची सर्वांत महाग वस्तू बहुधा तीच असते. गेली एकोणीस वर्षे मी संगणक दुरुस्तीचे दुकान चालवतो. विकणारा सांगत नाही आणि घेणाऱ्याला विचारायचे सुचत नाही, अशी एक गोष्ट या विक्रीच्या वेळी हमखास राहून जाते आणि त्यापायी लोकांचे कायमचे नुकसान होताना मी पाहत आलो आहे. त्याविषयी आपल्या दैनिकातून लिहिण्याची संधी द्यावी, ही विनंती.

हल्ली विकल्या जाणाऱ्या बहुतेक लॅपटॉपांत विंडोज ११ असते आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने त्याची पहिली मांडणी पूर्ण झाली की त्यातील डिस्कला बहुतेक वेळा आपोआप कुलूप लागते, म्हणजे तिच्यावरची माहिती योग्य किल्लीशिवाय वाचता येत नाही. या कुलपाला बिटलॉकर म्हणतात आणि घरगुती आवृत्तीत त्याचेच साधे रूप डिव्हाइस एन्क्रिप्शन या नावाने येते. २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर ही सोय आली तेव्हा ती महागड्या आवृत्त्यांपुरती होती आणि ती मुद्दाम चालू करावी लागे. २०२४च्या २४एच२ या आवृत्तीपासून मात्र तिच्यासाठी लागणाऱ्या यंत्राच्या अटी सैल झाल्या आणि नव्याने विंडोज टाकलेल्या पुष्कळ अधिक लॅपटॉपांवर कुलूप आपोआप लागू लागले. ग्राहकाला याचा पत्ता नसतो, कारण रोजच्या वापरात काहीही वेगळे दिसत नाही. लॅपटॉप सुरू होतो, पासवर्ड टाकला की उघडतो, कामे होतात. कुलूप आहे हे कळते ते यंत्र बिघडल्यावर. निळ्या पडद्यावर इंग्रजीत ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे या कुलपाची किल्ली, मागितली जाते आणि समोर बसलेल्या माणसाने हा शब्द जन्मात ऐकलेला नसतो.

हे कुलूप वाईट नाही, हे मी आधीच स्पष्ट करतो. एसटीत किंवा वसतिगृहात लॅपटॉप चोरीला गेला, तर पूर्वी चोर त्यातील डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडत असे आणि विंडोजचा पासवर्ड माहीत नसतानाही सगळी कागदपत्रे, छायाचित्रे, बँकेचे तपशील त्याला मोकळे मिळत. आता तसे होत नाही. पण दुरुस्तीवाले आम्हीही नेमके तेच करून लोकांचा डेटा वाचवत होतो. विंडोज बसले, पडदा काळा झाला, तरी डिस्क काढायची, दुसऱ्या संगणकाला लावायची, हवे ते उतरवून घ्यायचे आणि मग नवे विंडोज टाकायचे, ही आमची वर्षानुवर्षांची पद्धत. कुलूप लागलेली डिस्क तशी जोडली की तिच्या चिन्हावर पिवळे कुलूप दिसते आणि ती किल्ली मागते. चोर आणि मालक यांच्यातला फरक डिस्कला फक्त त्या ४८ अंकांवरून कळतो.

रोज हे अंक का लागत नाहीत, हेही सांगणे आवश्यक आहे. लॅपटॉपच्या बोर्डावर टीपीएम नावाची सोय असते. विंडोज ११ आले तेव्हापासून म्हणजे २०२१पासून ती सक्तीची आहे. संगणक सुरू होताना बायोस (यंत्र चालू होताच सर्वांत आधी चालणारी बोर्डावरची मूळ प्रणाली), सुरक्षित बूट या सोयीची (ती फक्त खात्रीची प्रणालीच सुरू होऊ देते) मांडणी, विंडोज सुरू करणारी पहिली फाइल यांची ती नोंद घेते आणि सारे पूर्वीसारखे असेल तरच डिस्कची किल्ली आपणहून सोडते. यातील एखादी गोष्ट बदलली, म्हणजे बायोस नवे झाले, बोर्ड बदलला, कोणी मांडणीत हात घातला, की ती किल्ली सोडत नाही आणि पडद्यावर ४८ अंकांची मागणी होते. डिस्क तेव्हा बहुधा धडधाकट असते. मदर बोर्ड बदलून दिल्यावर जुन्या बोर्डाबरोबर ती नोंदही जाते, हे तर सरळ आहे. तरीही बोर्ड बदलण्यापूर्वी ग्राहकाला किल्लीविषयी विचारणारे सर्व्हिस सेंटर मला क्वचितच भेटले आहे.

गेल्या वर्षीची एक घटना सांगतो. शाळेत आम्हाला मराठी शिकवणाऱ्या बाई आता निवृत्त आहेत. आमच्या पंचक्रोशीतील एका घराण्याचा कुलवृत्तांत त्या नऊ वर्षे तयार करत होत्या. गावोगाव फिरून माहिती घ्यायची, जुने मोडी कागद पाहायचे, त्यांची छायाचित्रे काढायची आणि रात्री टंकलेखन करायचे, असा त्यांचा क्रम होता. त्यातले बरेच मूळ कागद ज्या वाड्यात होते तो वाडा २०१९च्या महापुरात पाण्याखाली गेला आणि त्या कागदांचा लगदा झाला. बाईंनी आधी काढून ठेवलेली छायाचित्रे तेवढी उरली आणि ती त्यांच्या लॅपटॉपमध्ये होती. एके दिवशी विंडोजचे अपडेट अर्ध्यावर अडकले आणि लॅपटॉप सुरू होईना. त्यांनी तो जवळच्या एकाकडे दिला. त्याने पेन ड्राइव्हवरून नवे विंडोज टाकण्यासाठी बायोसमध्ये जाऊन सुरक्षित बूट बंद केले, त्याबरोबर निळा पडदा आला आणि "आता फॉरमॅट मारल्याशिवाय इलाज नाही", म्हणजे डिस्क पुसूनच टाकावी लागेल, असे त्याने सांगून टाकले. बाईंनी लॅपटॉप परत मागून घेतला, जुन्या लुगड्याच्या पिशवीत गुंडाळला आणि रिक्षाने माझ्याकडे आणला. "अरे, हा फॉरमॅट म्हणजे काय ते मला नीट सांग, मग मी हो की नाही ते सांगते," एवढेच त्या म्हणाल्या. त्यांनी तो प्रश्न विचारला म्हणून पुढचे सगळे घडू शकले.

मी प्रथम सुरक्षित बूट पूर्ववत चालू केले. मांडणी जुन्यासारखी झाल्याबरोबर निळा पडदा गेला आणि मूळ दुखणे समोर आले. विंडोज स्वतःची दुरुस्ती करू पाहत होते आणि पुन्हा पुन्हा तिथेच येत होते. दुरुस्तीच्या त्या पडद्यातून डिस्कवरचे काही उघडायचे तर किल्ली लागणारच होती. खाते बाईंच्या दिवंगत यजमानांच्या नावे होते. आम्ही त्यांना सर म्हणत असू. सरांनी ते स्वतः उघडले होते आणि पासवर्ड आपल्या डायरीत सुवाच्य अक्षरात लिहून ठेवला होता. पण पासवर्ड दिल्यावर खात्री करून घेण्यासाठी येणारा संकेतांक सरांच्या मोबाइलवर जात होता आणि तो क्रमांक ते गेल्यानंतर बंद केलेला होता. अशा वेळी खात्याला नवा क्रमांक जोडण्याचा अर्ज करता येतो, मात्र जुना क्रमांक हाताशी नसेल तर सुरक्षिततेसाठी ३० दिवस थांबावे लागते. बाईंच्या पुण्याच्या लेकीने अर्ज केला. बाईंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिसावा दिवस पेन्सिलीने गोल केला आणि महिनाभर लॅपटॉप माझ्या कपाटात राहिला. तेवढ्या काळात मी डिस्कची आहे तशी, कुलपासकट हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर करून ठेवली, कारण डिस्क म्हातारी होती आणि किल्ली मिळेपर्यंत तिनेच दम सोडला असता तर सारे व्यर्थ गेले असते. अशी नक्कल नंतर त्याच किल्लीने उघडते, हे माझ्या व्यवसायबंधूंनी लक्षात ठेवावे.

एकतिसाव्या दिवशी खाते उघडले. त्यात तीन किल्ल्या होत्या, कारण सरांनी याआधीही एक-दोन संगणक वापरले होते. निळ्या पडद्यावर किल्लीच्या ओळखीचा क्रमांक दिसतो आणि खात्यात प्रत्येक किल्लीपुढे तोच क्रमांक असतो. पहिली आठ अक्षरे जुळली की किल्ली तीच. मी त्या पडद्याचे छायाचित्र काढून ठेवले होते, त्यामुळे दुसरी किल्ली आपली आहे हे लगेच कळले. किल्ली व्हॉट्सअॅपवर पाठवू नका असे मीच सांगितले असल्यामुळे लेक फोनवर अंक सांगत होती आणि बाई ते माझ्या टेबलावर कागदावर उतरवत होत्या. आठ गट, प्रत्येकी सहा अंक. मी डिस्क काढून बाहेरच्या केसमध्ये घातली, माझ्या संगणकाला लावली आणि अंक भरले. किल्ली चुकीची असल्याचे उत्तर आले. बाईंचा चेहरा उतरला.

या किल्लीची एक खुबी आहे. तिच्यातील प्रत्येक सहा अंकी गटाला ११ने पूर्ण भाग जातो. एखादा अंक चुकला तर त्या गटाला भाग जात नाही. निळ्या पडद्यावर अंक भरताना चुकलेला गट यामुळेच तिथल्या तिथे कळतो. मी हे बाईंना सांगताच त्यांनी कागद उलटा केला आणि शाळेत शिकवल्यासारखे एकेका गटाला ११ने भागायला बसल्या. खरे अंक येथे देणे योग्य होणार नाही, पण समजा गट ४१६९३३ असेल तर त्याला ११ने भागून ३७९०३ येतात आणि बाकी काही उरत नाही. तोच ४१५९३३ असा लिहिला गेला तर बाकी १ उरते. सहाव्या गटाशी बाई थांबल्या. फोनवर लेकीने दोन-दोन अंकांच्या जोड्या करून "एकोणसत्तर" म्हटले होते आणि बाईंनी एकोणसाठ लिहिले होते. एक अंक बदलला आणि पिवळे कुलूप उघडले. साडेसहा हजारांवर छायाचित्रे, कुलवृत्तांताची अकरा प्रकरणे आणि सरांच्या आवाजातील दोन मुलाखती, सगळे सुखरूप होते. माझा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की फोनवर किल्ली सांगताना एकेक अंक सुटा सांगा. आपल्या मराठीतली एकोणतीस, एकोणचाळीसची जोडाक्षरी मोजणी या कामाला उपयोगाची नाही.

दुसरी हकीकत अशी सुखाची नाही. मिरज तालुक्यातील एका गावचा डिप्लोमाचा विद्यार्थी त्याच्या वडिलांबरोबर आला. लॅपटॉप दीड वर्षापूर्वी घेतलेला. वॉरंटीत बोर्ड बदलून मिळाला आणि सुरू केल्याबरोबर किल्लीची मागणी झाली. त्या मुलाच्या कोणत्याही खात्यात किल्ली नव्हती. खोदून विचारल्यावर उलगडा झाला. खरेदीच्या दिवशी दुकानात गर्दी होती, मुलाला स्वतःच्या ईमेलचा पासवर्ड आठवत नव्हता आणि पहिल्या मांडणीसाठी खाते तर लागतेच, म्हणून तिथल्या कामगाराने दुकानातले नेहमीचे एक खाते घालून काम उरकले होते. त्यात त्याचा वाईट हेतू अजिबात नव्हता. पण विंडोजने किल्ली त्या खात्यात जमा केली. तो कामगार दरम्यान नोकरी सोडून परगावी गेला होता आणि त्या खात्याचा पासवर्ड दुकानात कोणालाच माहीत नव्हता. सर्व्हिस सेंटरने जुना बोर्ड ठेवून घेतला होता. तो चालू स्थितीत परत मिळाला असता तर तो लावून डिस्क उघडण्याची थोडीफार आशा होती, पण तोही पुढे रवाना झालेला होता. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, शिष्यवृत्तीची कागदपत्रे आणि आजीचे असलेले नसलेले सर्व फोटो त्या मुलाला सोडून द्यावे लागले. वडील मला दोनदा म्हणाले, "पैसे किती लागतील ते सांगा." पैशाने होण्यासारखे ते काम नव्हते, हे त्यांना पटवून देणे मला फार जड गेले.

लोकांना हे पटत नाही, कारण बाजारात "बिटलॉकर तोडून देतो" असे सांगणारे भेटतात. त्या ४८ अंकांमागे १२८ बिटांची संख्या असते, म्हणजे शक्य किल्ल्यांची गणती ३९ अंकी होते. एकामागून एक लावून पाहणे कोणत्याही संगणकाला परवडणारे नाही. काही जुन्या लॅपटॉपांत टीपीएमच्या चिपमधून जाणारा संदेश पकडण्याचे प्रयोग संशोधकांनी करून दाखवले आहेत, पण त्यासाठी मूळ बोर्ड शाबूत आणि चालू लागतो. बंद लॅपटॉपची नुसती डिस्क घेऊन, आगाऊ पैसे मागून किल्ली शोधून देतो म्हणणाऱ्यावर कृपया विश्वास ठेवू नये.

ग्राहकाची काहीही चूक नसताना ही वेळ येऊ शकते, हेही वाचकांसमोर यायला हवे. जुलै २०२४च्या विंडोज अपडेटनंतर काही संगणक थेट किल्लीच्या पडद्यावर गेले होते आणि मायक्रोसॉफ्टने पुढच्या महिन्यात ते दुरुस्त केले. मे २०२५मध्ये विंडोज १०च्या अपडेटने इंटेलच्या विशिष्ट प्रोसेसरांवर असाच प्रकार झाला आणि त्यासाठी वेगळे अपडेट काढावे लागले. १९ जुलै २०२४चा दिवस तर सर्वांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे जगभरचे संगणक निळे पडून बंद झाले, आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने तेव्हा ८५ लाख संगणक बंद पडले होते. इलाज अगदी साधा होता, सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज मोजक्याच भागांसह सुरू करून, एक फाइल पुसायची. पण ज्या संगणकांना बिटलॉकर होते त्यांत तिथवर पोहोचण्यासाठी आधी प्रत्येकाची ४८ अंकी किल्ली भरावी लागत होती आणि ती हाताशी नसेल तर दोन मिनिटांच्या दुरुस्तीसाठी तंत्रज्ञ खोळंबून राहत होते. पगारी तंत्रज्ञ असलेल्या मोठ्या कंपन्यांची ही गत झाली, तर आमच्या गावच्या विद्यार्थ्याने किंवा निवृत्त शिक्षिकेने काय करावे?

आज ज्यांच्यासमोर तो निळा पडदा आहे त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. पहिल्या तासात हातपाय गाळू नका आणि काही पुसूही नका. फॉरमॅट, रीसेट किंवा नवे विंडोज यांपैकी कशालाही होकार देऊ नका, कारण नव्या मांडणीत नवी किल्ली तयार होते आणि मग जुनी किल्ली सापडूनही तिचा उपयोग उरत नाही. पडद्याचे छायाचित्र काढा. अगदी अलीकडे काय बदलले ते आठवा. बायोसमध्ये कोणी काही बदल केला असेल तर तो पूर्ववत करून पाहा, जोडलेला पेन ड्राइव्ह किंवा डॉक काढून यंत्र पुन्हा सुरू करा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. टीपीएम 'क्लिअर' म्हणजे रिकामे करण्याचा पर्याय मात्र दिसला तरी त्याला हात लावू नका. मग खाती शोधा. घरातल्या प्रत्येकाचे, ज्याने पहिल्या दिवशी लॅपटॉप सुरू करून दिला त्या भाच्याचे, जावयाचे, दुकानदाराचे आणि महाविद्यालयाने किंवा कार्यालयाने दिलेले ईमेल जोडले असेल तर तिथल्या संगणक विभागाचेही. काखेत कळसा असावा तशी किल्ली बहुधा या वर्तुळातच सापडते. ती मिळाल्यावर विंडोज दुरुस्त करण्याच्या आधी डेटा उतरवून घ्या. विंडोज होमवर चालणाऱ्या दुसऱ्या संगणकालाही अशी डिस्क किल्ली देऊन उघडता येते आणि विंडोजऐवजी वापरल्या जाणाऱ्या लिनक्स या प्रणालीच्या पेन ड्राइव्हवरूनही येते. डिस्कचाच भाग खराब झाला असेल तरी किल्ली असल्यास आशा असते, कारण बिटलॉकर आपली माहिती डिस्कवर तीन ठिकाणी ठेवतो आणि विंडोजमधील रिपेअर-बीडीई या साधनाने ती वापरून जितके वाचेल तितके दुसऱ्या तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर काढता येते.

मॅक वापरणाऱ्यांसाठी फाइलव्हॉल्ट या कुलपाची २४ अक्षरी किल्ली असते, तिलाही हेच लागू आहे. लिनक्सवर लक्स हे कुलूप वापरणाऱ्या प्राध्यापक मित्रांना एवढेच सांगेन की पासवर्ड पाठ असून भागत नाही. डिस्कच्या सुरुवातीचा जो छोटा भाग, नव्या प्रकारात साधारण १६ एमबीचा, कुलपाची माहिती ठेवतो तो पुसला गेला तर अचूक पासवर्डही निरुपयोगी ठरतो. त्या भागाची प्रत वेगळी काढून ठेवता येते आणि ती काढायला एक मिनिट लागतो.

माझी मुख्य मागणी विक्रेत्यांकडे आहे. लॅपटॉपची पहिली मांडणी ग्राहकाच्या स्वतःच्या खात्यानेच करावी. ग्राहकाला पासवर्ड आठवत नसेल तर त्याला दुसऱ्या दिवशी बोलवावे, पण दुकानाचे खाते कधीही घालू नये. दुकानाचे खाते म्हणजे कोणाच्याही घराची किल्ली आपल्या गल्ल्यात टाकून विसरून जाण्यासारखे आहे. शिवाय दोन वर्षे कोणी न वापरलेले खाते मायक्रोसॉफ्ट बंद करू शकते. मांडणी झाल्यावर डिस्कला कुलूप लागले आहे की नाही ते ग्राहकासमोर पाहावे आणि लागले असेल तर ४८ अंक व ओळखीची अक्षरे छापून ती चिठ्ठी बिलाबरोबर त्याच्या हाती द्यावी. कपड्यांच्या दुकानात पिशवी द्यायला लागतो तेवढाच वेळ याला लागतो. कंपन्यांनी खोक्यात वॉरंटीच्या कार्डाबरोबर मराठीत एक कार्ड घालावे आणि सर्व्हिस सेंटरांनी बोर्ड बदलण्यापूर्वी "किल्ली आहे का" हा प्रश्न आपल्या फॉर्मवर छापावा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूविषयी माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिलेला आहे. ज्या वस्तूला आपोआप कुलूप लागते, तिच्या कुलपाविषयी सांगणे त्या हक्कात यायला हवे, असे माझे मत आहे आणि ग्राहक चळवळीतील मंडळींनी हा विषय हाती घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

किल्ली कागदावर ठेवणे धोक्याचे नाही का, असे काही सुशिक्षित ग्राहक मला विचारतात. ती लॅपटॉपच्या बॅगेत ठेवली तर नक्कीच धोक्याचे आहे. घराचे खरेदीखत, विम्याची पॉलिसी, बँकेचे पासबुक आपण जिथे ठेवतो तिथे ती ठेवावी. ज्यांना कंपनीच्या खात्यात किल्ली नको आहे त्यांचा आग्रह मला मान्य आहे, फक्त त्यांनी कागदाच्या दोन प्रती दोन घरांत ठेवाव्यात. बाईंनी एक चिठ्ठी खरेदीखताच्या फायलीत लावली आहे, दुसरी पुण्याला लेकीकडे दिली आहे आणि छायाचित्रांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून घेतली आहे.

माझ्या दुकानात दुरुस्तीला आलेला प्रत्येक लॅपटॉप परत देताना मी मालकाच्या संमतीने त्याची किल्ली त्याच्यासमोर छापून पाकिटात घालून देतो आणि माझ्याकडे तिची नोंद ठेवत नाही. पाकिटावर मराठीत चार ओळी छापल्या आहेत. हे काय आहे, कधी लागेल, कोठे ठेवावे आणि कोणाला सांगू नये. या पाकिटाचा नमुना जिल्ह्यातील कोणत्याही विक्रेत्याला हवा असल्यास मी तो विनामूल्य देईन आणि यंदाच्या प्रवेशाच्या हंगामातच त्यांनी तो वापरायला सुरुवात करावी, अशी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे.

आपला विश्वासू,
संगणक दुरुस्ती व्यावसायिक, सांगली